स्वयंपाकघरातली भट्टी कुणासाठी?

रोहा, अष्टमी आणि आसपासच्या गावांतल्या बऱ्याच मुस्लिम घरांत आता ओट्याच्या एका कोपऱ्यात कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दिसतो. कुणी तो आखातातून सुट्टीवर येताना आणलेला असतो, कुणाला लग्नात मिळालेला असतो, कुणी ईदच्या सवलतीत हप्त्यावर घेतलेला असतो. त्याच्यावर बहुधा क्रोशाचे कव्हर असते आणि कव्हरवर फुलदाणी. दिवसातून दोनदा त्याचे दार उघडते. एकदा चहा गरम करायला आणि एकदा दुपारचा रस्सा गरम करायला. दहा-पंधरा हजार रुपये मोजून आणलेल्या भट्टीचा आपण असा शेगडीपेक्षाही कमी उपयोग करतो.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. हे यंत्र आपल्या घरांसाठी, विशेषतः रमजानमधल्या स्वयंपाकघरासाठी, खरोखर उपयोगाचे आहे. पण ते कसे चालते हे घरात कुणी समजावून घेत नाही. आणि ज्या बाईने ते वापरायचे तिला विकत घेताना कुणी विचारत नाही. या दोन्ही गोष्टींची किंमत तीच बाई मोजते, तीही घामाने आणि वेळेने.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण त्याच्याबद्दलचे निम्मे गैरसमज त्याच्या नावातूनच आलेले आहेत. या डब्यात खरे तर दोन वेगवेगळी यंत्रे एकाच पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहतात. एक मायक्रोवेव्ह आणि दुसरी भट्टी.

मायक्रोवेव्हचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. शत्रूची विमाने दुरून ओळखण्यासाठी रडार लागत असे आणि रडारला फार लहान लांबीच्या, जोरदार लहरी लागत. त्या तयार करणारी मॅग्नेट्रॉनची सुधारित नळी 1940 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी बनवली. त्याच वर्षी ती अमेरिकेला दिली गेली. तिथे रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचा तंत्रज्ञ होता. हा माणूस लहानपणीच शाळा सुटलेला, स्वतःच्या बळावर शिकलेला. चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातली गोळी-चॉकलेटची वडी वितळली, अशी गोष्ट सांगितली जाते. 1945 मध्ये त्याने अन्न शिजवण्याच्या या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1947 मध्ये पहिले यंत्र बाजारात आले. ते माणसाएवढे उंच आणि सुमारे 340 किलो वजनाचे होते. घराच्या ओट्यावर मावेल असा मायक्रोवेव्ह अमेरिकेत लोकप्रिय व्हायला 1967 साल उजाडले.

आजच्या मायक्रोवेव्हमध्येही तीच नळी आहे. तिच्यातून निघणाऱ्या लहरी सेकंदाला सुमारे 245 कोटी वेळा कंप पावतात. पाण्याच्या रेणूचे एक टोक थोडे धन आणि दुसरे थोडे ऋण असते. त्यामुळे लहर जिकडे वळेल तिकडे तो रेणू वळायला बघतो. शेजारचे रेणूही तसेच वळत असतात. या धक्काबुक्कीतून उष्णता तयार होते आणि अन्न तापते. म्हणून ज्यात पाणी आहे ते लवकर तापते आणि कोरडी काचेची बशी तशी थंडच राहते. ती पुढे गरम लागते ती अन्नाच्या उष्णतेने.

मायक्रोवेव्हमध्ये अन्न आतून बाहेर शिजते असे बरेच जण सांगतात. ते खरे नाही. लहरी वरून दोन-तीन सेंटिमीटर आत शिरतात आणि त्यापुढची उष्णता नेहमीसारखी हळूहळू आत सरकते. शिवाय डब्याच्या भिंतींवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून काही जागी जोर धरतात, काही जागी फिक्या पडतात. भाताच्या डब्यात एक घास पोळतो आणि दुसरा गार लागतो तो यामुळे. तळाची काचेची थाळी फिरते तीही याच कारणासाठी. गरम करताना मध्येच एकदा अन्न हलवावे आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटे तसेच ठेवावे, ही सूचना पुस्तिकेत उगाच छापलेली नसते.

आता या पहिल्या भाडेकरूची मर्यादा बघा. पाणी 100 अंशांवर उकळते आणि ओल्या अन्नाचे तापमान त्याच्यावर सहज जात नाही. पण आपल्याला चव लागते ती खमंगपणाची. कबाबाची लाल कड, नानखटाईचा सोनेरी रंग, पावाची करकरीत साल हे सारे पृष्ठभाग कोरडा होऊन साधारण 140 अंशांच्या पुढे गेल्यावर घडते. प्रथिने आणि साखर यांच्यातल्या या क्रियेचे वर्णन मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये केले आणि तिला त्याचेच नाव मिळाले. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये कोंबडी शिजते, पण पांढरट आणि उकडल्यासारखी राहते. त्यामुळे अनेकींनी एकदा करून पाहिले, नाक मुरडले आणि यंत्र कायमचे चहाच्या कामाला लावले.

त्यासाठी दुसरा भाडेकरू आहे. मागच्या बाजूला एक विजेची कॉईल आणि तिच्याजवळ एक पंखा. कन्व्हेक्शनचे बटण दाबले की मॅग्नेट्रॉन बंद राहतो, कॉईल तापते आणि पंखा ती गरम हवा सगळ्या डब्यात फिरवतो. पंख्याचे महत्त्व समजायला कोकणातल्या माणसाला पुस्तकाची गरज नाही. बोंबील वाळत घातले आणि वारा पडला, तर ऊन कितीही कडक असो, ते नीट सुकत नाहीत. वारा सुटला की काम लवकर होते. ओल्या वस्तूभोवती दमट, थंड हवेचा एक पातळ थर चिकटून बसतो आणि वारा तो थर हटवतो. भट्टीतला पंखा हेच करतो. अन्नाभोवतीची गार, दमट हवा सतत बाजूला सारून तिच्या जागी ताजी गरम हवा आणतो. म्हणून साध्या ओव्हनपेक्षा पंख्याच्या ओव्हनमध्ये तापमान 20 अंशांनी कमी ठेवले तरी तोच पदार्थ तयार होतो आणि तबकाच्या चारही कोपऱ्यांत रंग बऱ्यापैकी सारखा येतो.

भट्टी ही आपल्याला परकी आहे, असे कुणी म्हणू नये. रायगड जिल्ह्याला ते म्हणण्याचा अधिकारच नाही, कारण पोपटी आपली आहे. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, तोंडाला पुन्हा पाला. मग मडके उलटे करून भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ. आत पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. चारी बाजूंनी आलेली कोरडी उष्णता आणि शेंगांची स्वतःची वाफ यांवर अर्ध्या-पाऊण तासात सारे शिजते. थंडीच्या दिवसांत रोह्याच्या शेतांवर हिंदू काय आणि मुस्लिम काय, सगळेच या मातीच्या भट्टीभोवती बसतात. बिर्याणीला दम देताना झाकणावर निखारे ठेवणे हेही तेच तत्त्व. आणि ज्यांच्या घरी भट्टी नव्हती, त्या बायका ईदच्या आधी नानखटाईचे पीठ मळून पत्र्याच्या तबकात मांडून गावातल्या बेकरीत पाठवायच्या. पाव निघाल्यावर उरलेल्या उष्णतेत ती तबके भाजून मिळायची. माझ्या खालाकडे तसले एक तबक अजून आहे.

म्हणजे भट्टीची चव आपल्याला होतीच. नवीन गोष्ट इतकीच, की ती भट्टी आता गावातल्या बेकरीवाल्याच्या वेळेवर अवलंबून राहिलेली नाही.

तिसरी सोय म्हणजे दोन्ही यंत्रे आळीपाळीने एकत्र चालवण्याची. बटणावर तिला कॉम्बिनेशन म्हणतात. मायक्रोवेव्ह आतले मांस शिजवतो आणि गरम हवा बाहेरून रंग आणते. अख्ख्या कोंबडीचे तासाभराचे काम जवळपास निम्म्या वेळात होते. बऱ्याच घरांत हे बटण कधीच दाबले गेलेले नाही, आणि माझ्या मते सगळ्या यंत्रात तेच सर्वांत कामाचे आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ. गेल्या काही वर्षांतले रमजान मार्च-एप्रिलच्या उकाड्यात आले. रोह्यात त्या दिवसांत घामाने अंग चिकचिकते. असरच्या नमाजनंतर ओट्यावर दोन शेगड्या पेटतात आणि मगरिबपर्यंत विझत नाहीत. एकीवर तेलाची कढई, दुसरीवर सालन. रोजा ठेवलेली बाई दीड-दोन तास त्या वाफेत उभी. इफ्तारच्या आधीची घटका दुआ कबूल होण्याची मानली जाते. त्या घटकेला आपल्या घरातले पुरुष दस्तरखानावर हात उचलून बसलेले असतात आणि बायकांच्या हातात झारा असतो. हे चित्र मी लहानपणापासून बघत आले आहे आणि ते कुणाला खटकलेले मला फारसे दिसले नाही.

या ठिकाणी कन्व्हेक्शनचा फरक पडतो. मसाला लावलेली सुरमई 200 अंशांवर पंधरा-वीस मिनिटांत होते, मध्ये एकदा उलटायची इतकेच काम. दुपारी मुरवत ठेवलेले कबाब रॅकवर मांडले की तेलाच्या दोन-चार थेंबांत काम भागते. चार-सहा माणसांची बिर्याणी काचेच्या झाकणाच्या भांड्यात थर लावून 160 अंशांवर अर्धा तास ठेवली तर दम चांगला बसतो. खालून एकाच जागी आच नसल्याने तळ लागत नाही आणि तव्यावर भांडे ठेवण्याचा खटाटोप टळतो. नानखटाई 160-170 अंशांवर पंधरा-वीस मिनिटांत उतरते. पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. वेळ लावून दार बंद केले की तिथे उभे राहावे लागत नाही. कढईला माणूस लागतो, भट्टीला लागत नाही. काम झाले की ती स्वतः बंद होते आणि शिटी देते. मगरिबच्या आधीचा अर्धा तास बाईला परत मिळतो. तो तिने दुआत घालवावा, पाठ टेकण्यात घालवावा की मुलांशी बोलण्यात, हा तिचा प्रश्न.

यंत्राचे गुण सांगताना त्याच्या उणिवा लपवणे बरोबर नाही. तांदळाची भाकरी यात होत नाही आणि होणारही नाही. तिला तवा आणि थेट आच लागते. ताजे बोंबील इतके पाणीदार असतात की रवा लावून तव्यावर येणारा कुरकुरीतपणा इथे येत नाही. समोसा भाजून होतो, पण तळलेल्या समोशाची चव त्याला नाही आणि ती आहे असे सांगून कुणाला फसवू नये. घरगुती यंत्राचे तापमान साधारण 200 अंशांवर किंवा थोडे वर जाऊन थांबते. त्यामुळे बेकरीच्या विटांच्या भट्टीतून निघतो तसा पाव किंवा तंदुरी नान यात निघत नाही. 28 लिटरच्या यंत्रात एका वेळी एकच तबक मावते. बारा माणसांच्या इफ्तारला दोन-तीन फेऱ्या धरूनच चालावे. पन्नास माणसांची देग ती देगच. पोपटीचे तर बोलूच नका. मडक्याला धूर लागतो आणि भांबुर्ड्याचा वास शेंगेत उतरतो, त्याला बटण नाही.

खर्चाचा हिशेबही नीट मांडला पाहिजे, कारण विकणारे तो मांडत नाहीत. मायक्रोवेव्ह चालू असताना साधारण 1400 वॅट वीज घेतो. एक ताट दोन मिनिटे गरम केले तर एका युनिटमध्ये अशी वीसेक ताटे होतात. म्हणजे गरम करण्याचा खर्च नगण्य. कन्व्हेक्शनची कॉईल 2000 वॅट किंवा त्याहून थोडी जास्त घेते, पण ठरलेले तापमान आले की ती बंद-चालू होत राहते. तासाभराच्या भाजणीला साधारण एक ते दीड युनिट धरावे.

आता गॅस. 14.2 किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे 180 युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीत शंभरातले 68 भाग भांड्याला लागतात, बाकीची उष्णता इकडेतिकडे जाऊन बाईचे स्वयंपाकघर तापवते. म्हणजे कामाची उष्णता 120 युनिटच्या आसपास. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला 120 ने भागा आणि आलेला आकडा विजेच्या बिलावरच्या दराशी ताडून बघा. मायक्रोवेव्हमध्येही विजेचे साधारण 60 टक्केच अन्नात उतरतात हे लक्षात ठेवा. महावितरणचा दर पहिल्या 100 युनिटनंतर वाढतो हेही विसरू नका. डाळ, भात, पाणी उकळणे ही कामे गॅसवर आणि कुकरमध्येच स्वस्त पडतात. भट्टी वापरायची ती भाजण्यासाठी. 'सगळा स्वयंपाक यातच' हे दुकानदाराचे वाक्य आहे, ते घराच्या हिशेबात बसत नाही.

भीतीबद्दल दोन शब्द. मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांमुळे आपल्या मोहल्ल्यात अनेक बायकांना वाटते की यातले अन्न किरणांनी दूषित होते, कर्करोग होतो, गरोदर बाईने जवळही जाऊ नये. मायक्रोवेव्हच्या लहरी रेडिओ आणि वायफायच्या घराण्यातल्या आहेत. क्ष-किरणांसारखी रेणू तोडण्याची ताकद त्यांच्यात नसते. त्या अन्नाला तापवतात आणि यंत्र बंद होताच संपतात. खोलीतला दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड साठून राहत नाही, तसेच हे. दारावर जी बारीक भोकांची जाळी दिसते तिची भोके मिलिमीटरच्या हिशेबातली आणि लहर बारा सेंटिमीटरची. लहर त्यातून बाहेर पडू शकत नाही, प्रकाश मात्र पडतो म्हणून आपल्याला आतले दिसते. भाजीतले क जीवनसत्त्व भरपूर पाण्यात उकळण्यापेक्षा यात जास्त टिकते, कारण पाणी आणि वेळ दोन्ही कमी लागतात.

ज्यांची खरी भीती बाळगायला हवी त्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्यांचे निरोप कुणी पाठवत नाही. दार वाकले असेल किंवा नीट लागत नसेल तर यंत्र वापरू नये. अख्खे अंडे मायक्रोवेव्हवर ठेवले तर ते फुटते, कधीकधी बाहेर काढल्यावर हातात फुटते. गुळगुळीत भांड्यात पाणी फार वेळ तापवले तर ते बुडबुडे न काढता उकळीच्या वर जाते आणि चमचा घालताच उसळते. मायक्रोवेव्हवर धातूचे भांडे नको आणि कन्व्हेक्शनवर प्लॅस्टिक नको. दोन भाडेकरूंचे हे दोन उलट नियम एकत्र लक्षात ठेवावे लागतात, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. ज्या प्लॅस्टिकच्या डब्यात सकाळी रस्सा गरम झाला तोच डबा संध्याकाळी भट्टीत गेला तर वितळणार. दोन्हीकडे चालते ते उष्णता सोसणाऱ्या काचेचे भांडे. घरात अशी दोन भांडी असली तरी पुरे.

आपल्याकडची एक खास अडचण आखातातून आलेल्या यंत्रांची आहे. दुबई आणि कुवेतची वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची आहे, प्लग तेवढा चौकोनी पिनांचा असतो. सौदीची वीज मात्र 60 हर्ट्झची. तिथल्या विजेसाठी बनवलेला, जड ट्रान्सफॉर्मरचा मायक्रोवेव्ह इथे लावला तर ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो, गुणगुणतो आणि लवकर जळतो. यंत्राच्या मागच्या पट्टीवर 50 हर्ट्झ लिहिलेले आहे का, हे जेद्दाच्या दुकानातच पाहावे. रोह्यात आल्यावर पाहून उपयोग नाही. इथेही साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटला बदलाचा प्लग लावून यंत्र चालवणारी घरे मी पाहिली आहेत. सॉकेट पिवळे पडते, मग काळे पडते. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि चांगले अर्थिंग हवे. दमट हवेच्या, पावसाळ्यात भिंतीला ओल येणाऱ्या आपल्या भागात अर्थिंगची कसर करू नये.

आणि वीज असेल तरच हे सारे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे दिवे नव्हते. अशा वेळी सिलिंडर आणि चूल यांनीच घरे जगवली. म्हणून गॅस काढून टाका असे मी कधीही म्हणणार नाही. कोकणात एका इंधनावर भरवसा ठेवणे शहाणपणाचे नाही.

इतके सगळे लिहिले ते मुख्य मुद्द्यावर येण्यासाठी. हे ज्ञान काही गुप्त नाही. यंत्रासोबत पुस्तिका येते, तपशील सहज मिळतात. तरीही यंत्र कव्हराखाली का राहते? माझे उत्तर असे, की ते स्वयंपाकघराची गरज म्हणून आलेलेच नसते. पुरुष दुकानात जातो, लिटर आणि सवलत बघतो, घेऊन येतो. बाईला कुणी विचारत नाही की तुला काय लागते, ओट्यावर जागा कुठे आहे, पॉइंट कुठे आहे. पुस्तिका इंग्रजीत असते आणि ती वाचून दाखवायला कुणाला सवड नसते. मग पहिल्याच दिवशी काही करपले की ऐकवले जाते, 'महागाची वस्तू आहे, बिघडवशील.' त्या वाक्यानंतर कोण हात लावील? आमच्या नात्यातल्या एका घरात भाबी लग्न होऊन आली, तेव्हा तिने माहेरी भट्टी वापरलेली होती. सासूबाईंनी तिला समजुतीने सांगितले, 'राहू दे गो, ईदला काढू.' तीन ईद गेल्या.

यावर मला तीन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला, यंत्राने बायका आळशी होतात. मिक्सर आला तेव्हा हेच म्हटले गेले आणि पाटा-वरवंटा सुटल्यामुळे कुणाचे घर मोडले नाही. वाचलेला वेळ आळसात जातो हे गृहीत धरणारे लोक स्वतः मोटारसायकलवरून नाक्यावर जातात, त्याला कुणी आळस म्हणत नाही. दुसरा आक्षेप, हाताची चव जाते. हाताची चव वाटणात असते, मसाल्याच्या प्रमाणात असते, मुरवण्यात असते. बाईने घामाने भिजण्यात ती असते असे मला वाटत नाही. तिसरा आक्षेप मी गंभीरपणे घेते: सगळ्यांना हे परवडत नाही. खरे आहे. ज्या घरात महिन्याचा सिलिंडरच जड जातो तिथे मी हे यंत्र सुचवणार नाही. हप्त्यावर तर मुळीच नाही. पण ज्यांनी पैसे आधीच खर्च केले आहेत त्यांनी ते कव्हराखाली का ठेवावेत, याचे उत्तर गरिबी हे नाही.

आणि खरी गोष्ट अशी की यातला निम्मा प्रश्न यंत्राशिवायही सुटतो. सहीह बुखारीत हजरत आयेशांच्या हवाल्याने येते, की प्रेषित घरी असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि घरी येऊन पाणी मागतो. पूर्वी पुरुषांकडे एक सबब होती: आम्हाला शिजवता येत नाही, आच कळत नाही. या यंत्राने ती सबब काढून घेतली आहे. तापमान आकड्यात लिहिलेले असते, वेळ मिनिटांत. ज्या मुलाला मोबाईलमधली प्रत्येक सेटिंग कळते त्याला 180 अंश आणि वीस मिनिटे लावता येत नाहीत, हे मी मान्य करणार नाही. बाईने मसाला लावून ठेवावा आणि भट्टी मुलाने किंवा नवऱ्याने सांभाळावी, इतकी वाटणी तरी या रमजानपासून व्हायला हरकत नाही. त्याला 'मदत' हा शब्दही वापरू नये. जो जेवतो त्याचे ते काम आहे.

बायकांसाठी यात कमाईचीही वाट आहे, लहान का असेना. नानखटाई, रव्याचा केक, ईदचे खारे-गोडे यांना रोह्यात, धाटावच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांत आणि पुण्या-मुंबईहून सुट्टीला येणाऱ्यांत मागणी आहे. एका यंत्रात एक तबक मावते हे धरून ऑर्डर घ्याव्यात, अन्न सुरक्षेची नोंदणी करावी, आणि मागणी वाढली तर बचत गटाने मिळून मोठा ओव्हन घ्यावा. पण त्यातून येणारा पैसा तिच्या हातात राहील, हे घरात आधी ठरवून घ्यावे.

म्हणून माझे सांगणे साधे आहे. नवीन घेणार असाल तर घरातल्या बाईला दुकानात सोबत न्या आणि निवड तिच्यावर सोडा. घेतलेला असेल तर या रविवारी त्याच्यावरची फुलदाणी उतरवा, पुस्तिका शोधून तिला मराठीत वाचून दाखवा, 16 अँपिअरचा पॉइंट बसवून घ्या. पहिली दोन तबके करपतील. ती मुकाट्याने खा. तिसऱ्या तबकापासून घर बदलायला लागेल.